रूथच्या लग्नातले आबा

बारामतीच्या मंडईत निशिगंधाचा वास आला की मी अजूनही थबकते आणि रूथचं लग्न डोळ्यांपुढे तरंगू लागतं.

रूथ माझ्याबरोबर शाळेत शिकवायची. तिला वडील नव्हते, म्हणून माझ्या वडिलांनी, आबांनीच तिचा हात धरून तिला चर्चमध्ये आत न्यावं, असा तिचा हट्ट होता. आबा कळंबचे, सारं आयुष्य उसाच्या शेतात गेलेलं. दारातच ते अडखळले.

"पोरी, आमी न्हाय तुमच्यातलं."

"पण मला बापासारखे तर आहात ना?" रूथ म्हणाली.

आबांनी वहाणा काढल्या आणि अनवाणी चालत तिला निशिगंधानं सजवलेल्या वेदीपाशी नेलं. रंगीत काचांतून उतरलेलं ऊन त्यांच्या पांढऱ्या टोपीवर हलत होतं. मला लग्न म्हणजे बँड आणि गलका ठाऊक. इथं मात्र सगळं लग्नच प्रार्थना झालं होतं. त्या शांततेत रूथ नवरदेवाला हळूच म्हणाली, "सुखात, दुःखात, आजारपणात मी तुझी साथ सोडणार नाही." आबांनी टोपी काढून डोळ्यांना लावली.

तेव्हा वाटलं, हे लेक सासरी निघाल्याचं रडू. आज कळतं, त्यांना घरी अंथरुणाला खिळलेली माझी आई आठवत होती. तिला तसं बघवत नाही म्हणून वर्षभर ते तिच्या खोलीच्या उंबऱ्यावरूनच चौकशी करून परतायचे.

त्या संध्याकाळी ते थेट आत गेले, खाटेवर बसले आणि त्यांनी आईचा लुळा हात हातात घेतला.

"आलात व्हय?" आईनं विचारलं.

"व्हय," आबा म्हणाले. "आता हितंच हाय."