बांगडीवालीने सांगितलेला अर्थ

ऑक्सिजन मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा एकाहत्तरवर आला तेव्हा शेजारच्या खाटेवरची बाई हसत होती, आणि तिला हसवलं होतं मी. हसण्याचा खोकला झाला, खोकल्यात मास्क सरकला, यंत्र ओरडायला लागलं. सिस्टर धावत आली. तिनं बाईला पालथं केलं, ऑक्सिजन वाढवला आणि मला म्हणाली, "आजी, मारता का त्यांना?" मग आमच्या मधला पडदा ओढून घेतला.

कोरोनाची दुसरी लाट होती. नंदनवन वस्तीतल्या घरून मुलानं मला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं, आत मी एकटी आले. सहा खाटांची खोली. ही बाई उमरेडची, मुसलमान, माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान. कुहीकडच्या गावांत फिरून बांगड्या भरायची.

पहिल्या दिवशी सिस्टरला माझी शीर सापडेना. तीनदा टोचून झालं. बाई पलीकडून म्हणाली, "मावशी, हात ढिला सोड. माह्याकडं पाह्य." आणि उर्दूतलं एक कडवं म्हटलं, मग त्याचा अर्थ आपल्या बोलीत सांगितला. सुई केव्हा गेली ते कळलं नाही. घट्ट बांगडी चढवताना बाईचं लक्ष हातावरून काढायचं, ही तिच्या धंद्यातली रीत. तिचा बाप दर्ग्यात कव्वाली गायचा, कडवी त्याची. गावच्या बाया अर्थ विचारायच्या, म्हणून अर्थ तिनं बसवलेले.

मी चौथी शिकले. उर्दू कानाला बरी वाटायची, कळायची काहीच नाही. अर्थ मात्र कळायचा. रोज दोन-तीन कडवी व्हायची. काही पटायची, काही नाही. दारूचं आलं की मी म्हणायची, माझ्या घरी एक पिणारा होऊन गेला, मले नको सांगू. ती म्हणायची, ही दारू वेगळी. मी म्हणायची, सगळे पिणारे हेच सांगतात.

त्या दुपारी ती म्हणाली, "आशिक म्हन्ते, मी तुह्या दारातली माती होतो. तू पाय देऊन जाय, बस."

"माह्या दारात नको म्हन त्याले. मी दोनदा झाडतो. उकिरड्यावर जाईन तो."

"मावशी, हे अल्लाचं दार आहे वं."

"मग तिथं झाडते कोन?"

एवढ्यावर ती हसली.

पडदा दोन दिवस तसाच होता. सिस्टरला विचारलं की ती "आहेत" म्हणायची, पुढे काही नाही. बाई गेली तर माझ्या तोंडापायी जाईल, हे मला माहीत होतं. रडले नाही. पालथं झोपून रडलं की दम लागतो. करायला काही नव्हतं, म्हणून त्या मातीचा विचार केला. साठ वर्षं अंगण झाडलं, पण सकाळी उठले आणि माती नाही, असा एक दिवस आठवेना. कितीही फेका, ती तिथंच. त्या आशिकाला बहुतेक एवढंच म्हणायचं असावं. मी मधेच तोंड घातलं.

तिसऱ्या दिवशी पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "झाडली तरी दुसऱ्या दिवशी असतेच वं माती."

मग मास्कमधून आवाज आला, "माह्या बापानंही असा अर्थ नाही सांगतला." थोड्या वेळानं पुन्हा, "आता चूप ऱ्हाय मावशी. मले हसू येऊन राह्यलं."

ती माझ्या चार दिवस आधी घरी गेली. त्या खोलीतल्या सहा जणींपैकी ती वाचली आणि मी वाचले. बाकी चौघी नाही.