दर शनिवारी दोन सूत

भावजय, धाकटी. वय वर्षे एकोणपन्नास. व्यवसाय: शिवणकाम, घरीच. हस्तकौशल्य: उत्तम. बोलणे: मोजके, परंतु बोचरे. सचोटी: शंकेस जागा नाही. रुग्ण पतीस वेळेवर व पुरेसे खाऊ घालणे: हयगय. शेरा: सुधारणेस वाव आहे.

हे मूल्यमापन आहार-तक्त्याच्या तळाशी लाल शाईत केलेलं होतं, आणि तक्ता स्वयंपाकघराच्या दारावर चार टाचण्यांनी लावलेला होता. लिहिणाऱ्या बाई म्हणजे रुग्णाची थोरली बहीण, मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांना सगळे हेडबाई म्हणत, घरातलेसुद्धा, फक्त त्यांच्या माघारी. आई गेली तेव्हा भाऊ सहा वर्षांचा होता. त्याला त्यांनीच भरवून वाढवलं. त्यामुळे तो जेवत नाही याचा अर्थ त्याला कोणी भरवत नाही, असा त्यांचा सरळ निष्कर्ष होता. नातेवाइकांनाही त्यांनी तो फोनवरून, एकेकाला गाठून कळवला होता.

रुग्ण लिफ्ट दुरुस्त करायचा. कॅन्सर पोटातून यकृतात गेला आणि जाताना भूक घेऊन गेला. पहिला महिनाभर त्याची बायको, म्हणजे ही शिवणकाम करणारी टेलरबाईही चमचा घेऊन त्याच्या मागे होती. मग डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "ते हट्ट करत नाहीयेत. शरीरालाच आता अन्न नकोय. मागतील तेव्हा, मागतील तेवढंच द्या. ओठ ओले ठेवा, जवळ बसा." टेलरबाईने चमचा खाली ठेवला. आयुष्यात तिने पुष्कळ अवघड कामं केली होती, वकिलांचे डगले, ढेरपोट्या नवरदेवांचे सूट. पण चमचा खाली ठेवण्याइतकं अवघड त्यातलं एकही नव्हतं. मग ती ओल्या कापसाने त्याचे ओठ टिपायची, पाय चेपायची, आणि दर आठवड्याला त्याच्या विजारीची कंबर दोन सूत आत घ्यायची, म्हणजे पाव इंच.

हे सगळं तिने हेडबाईंना सांगितलं. "डॉक्टर काय," हेडबाई म्हणाल्या, "त्यांना शंभर पेशंट. मला भाऊ एकच आहे."

हेडबाई शनिवारी शाळा सुटली की येत. राखाडी, बिनअस्तराचा कोट काढून शिलाई मशीनवर ठेवत आणि दोन तास भावापाशी बसत. तेवढ्यात भावजयीने कोटाचं बटण-टाका बघून इस्त्री करून द्यायची, असा अकरा वर्षांचा रिवाज होता.

एका शनिवारी टेलरबाई कपडे पोचवायला गेली असताना हेडबाईंनी भावाला वाटीभर सूप आणि अख्खं उकडलेलं अंडं भरवलं. "एक घास. माझ्यासाठी. हा शेवटचा. आता हा खरंच शेवटचा." तो बहिणीच्या मायेखातर गिळत राहिला. टेलरबाई परतली तेव्हा हेडबाई निघून गेल्या होत्या, तो बादलीवर ओणवा होता आणि तक्त्यावर लिहिलं होतं: पूर्ण. मनावर घेतलं की जमतं.

तो दिवेलागणीपर्यंत ओकत होता. मधेच श्वास मिळाला तेव्हा म्हणाला, "ओव्हरलोड. एकाने उतरायला हवं होतं."

टेलरबाई हसली नाही. त्याचे उरलेले दिवस कोणी घास घेऊन त्याच्या मागे लागू नये, एवढंच तिला हवं होतं. शिवाय हेडबाईंना कळायला हवं होतं. सांगून नाही, अंगावर.

पुढच्या शनिवारी तिने विजार दोन सूत आत घेतली आणि मग त्याच दोऱ्याने हेडबाईंचा कोटही. इथून जेवढं गेलं, तेवढं तिथूनही.

तिसऱ्या शनिवारी हेडबाईंनी बटण लावताना श्वास रोखला. "कापड आटतं का गं?"

"अकरा वर्षांत नाही आटलं, ते आता कशाला आटेल?" टेलरबाई म्हणाली. "या वयात अंग सुटतंच, ताई."

"पण बाकीचे कपडे तर नीट होतात."

"बाकीचे कपडे भीड ठेवतात. कोट तोंडावर बोलतो."

हेडबाईंनी नाश्ता सोडला. मग रात्रीचं जेवण. भरल्या वर्गात पोटात गुरगुरलं तेव्हा मागच्या बाकावरून मांजराचा आवाज आला, हे त्यांनी स्वतःच रागारागाने सांगितलं. आतल्या खोलीत टेलरबाईने हसू दाबून मशीन चालवलं.

पलंगावर पडल्या पडल्या तो मात्र सगळं बघत होता. त्याच्या उशाशी टाचण्यांची गादी असे. "माझी विजार राखाडी नाही," तो एकदा म्हणाला, "मग राखाडी दोरा कशाला?"

"तुम्ही पडून राहा."

"मी कुठे जातोय." थोड्या वेळाने म्हणाला, "खांद्यातून नको घेऊस. हात वर केला की कळेल तिला."

आठव्या शनिवारी हेडबाई आल्या त्या पांढऱ्याफटक. सवयीने सूपची वाटी घेऊन पलंगाशी बसल्या. वाफ तोंडावर येत होती आणि त्यांनी मान वळवली होती. भावाने चमचा उचलला, अर्धा भरला आणि त्यांच्या ओठांपाशी नेला.

"एक घास, ताई. माझ्यासाठी."

"नको."

"हा शेवटचा."

"नको म्हटलं ना! जबरदस्ती काय करतोस! माणसाला नको असेल तर—"

वाक्य तिथेच राहिलं. चमच्यातलं सूप चादरीवर सांडलं. स्वयंपाकघराच्या दारात टेलरबाई उभी होती आणि तिने हातभर पुढे होऊन चादर पुसली नाही. हेडबाईंनी वाटी खाली ठेवली, फार वेळ घेऊन. मग कापूस भिजवला. तो कसा पिळायचा ते त्यांना येत नव्हतं. भावाच्या गळ्यावर पाणी ओघळलं. त्या दिवशी तक्त्यावर काहीच लिहिलं गेलं नाही. त्यानंतरही नाही.

तो अकरा दिवसांनी, बुधवारी दुपारी गेला. शेवटी त्याने बर्फाचा एक खडा मागितला होता आणि तो अर्धा चोखला होता.

हेडबाई आता पोटभर जेवतात, पण कोटाचं खालचं बटण उघडं ठेवतात. अंग सुटलंय म्हणून. कोट अजूनही दर शनिवारी मशीनवर येतो. टेलरबाई बटण-टाका बघते, इस्त्री करते, परत देते. शिवणीच्या आत दोन इंच कापड दुमडलेलं आहे.