चिखलीचं कर्नल

चार माणसं एका खोलीत काही वर्षं एकाच कामात रुतून बसली की किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. धान्यात सोंडे होतात तसे ते आपोआप होतात. त्या वेळी कोणाचं लक्ष नसतं. पुढे कधीतरी जेवताना मला एकदम हसू येतं, बायको विचारते काय झालं, आणि सांगायला जावं तर आधी प्रोसेसर समजावून सांगावा लागतो. मग राहूनच जातं. आज सांगतो. प्रोसेसरसकट सांगतो.

चिखलीजवळ एक नवं इंजिनिअरिंग कॉलेज निघालं होतं. नाव जाऊ द्या. त्याला स्वतःची इमारत नव्हती, म्हणून आमची कॉम्प्युटरची खोली एका जिनिंगच्या आवाराला लागून होती. हंगामात खिडकीतून कापूस उडत यायचा आणि की-बोर्डवर बसायचा. वायाळ सर रोज सकाळी फुंकर मारायचे आणि मगच कामाला लागायचे. हे सर मुंबईची नोकरी सोडून आले होते. येताना जुन्या ओळखीतून त्यांनी एका परदेशी प्रोसेसरचा बोर्ड आणला होता. त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिम आपण स्वतः लिहायची, आणि ऑफिस, ग्रंथालय, मेस असा कॉलेजचा सगळा कारभार त्या एका मशीनवर चालवायचा, असं त्यांचं स्वप्न होतं. हाताखाली आम्ही तिघं, नुकतेच पास झालेले. मेहकरकडचा गजू मापारी, वरवट बकालची सुनंदा तायडे, आणि मी, जानेफळचा शेळके.

*

ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. गजूनं घरी सांगितलं, "बाबा, आमी कर्नल बनवून राह्यलो." वडिलांनी ते पारावर सांगितलं. पारावरून पुढच्या गावाला जाईपर्यंत "बनवून"चं "बनून" झालं.

एक दिवस एक पागोटेवाले काका आपल्या धिप्पाड मुलाला घेऊन आमच्या दारात उभे. म्हणाले, "मापारी कर्नलसाहेब इथंच बसतेत ना? याले फौजेत भरती करून घ्या म्हणा. छाती लय भरते याची."

गजूचं वजन भिजल्यावरही पंचेचाळीस किलोच्या वर गेलं नसतं, आणि चष्म्याशिवाय त्याला फाटक दिसायचं नाही. तो टेबलामागे भाकरीचा घास तोंडात धरून बसला होता. सुनंदानं त्या काकांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे सांगितलं, "बसा काका. कर्नलसाहेब जेवून राह्यले."

*

आता थोडा प्रोसेसर. एकाच मशीनवर अनेक प्रोग्राम चालतात, म्हणजे प्रत्येकाला आळीपाळीनं क्षणभर वेळ मिळतो. प्रत्येकाची मेमरीची पानं वेगळी. माझं पाचवं पान वेगळं, तुमचं पाचवं वेगळं. कोणाचं पान खरोखर कुठे ठेवलंय, ते प्रोसेसर आपल्या एका छोट्या कप्प्यात लक्षात ठेवतो. पाळी बदलली की आधीच्याची पानं नव्याला दिसू नयेत म्हणून आम्ही तो कप्पा दर वेळी पूर्ण पुसायचो. त्यामुळे मशीन इतकं हळू चालायचं की ऑफिसातल्या बाई एक अक्षर दाबून खिडकीपर्यंत फिरून यायच्या.

गजू म्हणाला, "सर, हे मशीन माह्या आज्यावानी आहे. जो दारातून आत येते त्याले इचारते, तू कोणाचा? तोच माणूस पाणी प्यायले जाऊन आला, तरी पुन्हा इचारते."

सर हसले नाहीत. फळ्याकडे गेले आणि म्हणाले, "मग आजोबांसाठी प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला लावू."

तसे बिल्ले त्या प्रोसेसरमध्ये होतेच. कप्प्यातल्या प्रत्येक नोंदीवर ती कोणत्या प्रोग्रामची, त्याचा नंबर टाकता यायचा. पाळी बदलली की फक्त चालू नंबर बदलायचा, पुसायचं काहीच नाही. बाकीच्यांच्या नोंदी जागेवर राहतात, पण नंबर जुळत नाही म्हणून दिसत नाहीत. नंबर एकूण चौसष्ट.

सुनंदानं विचारलं, "सर, नंबर संपले तं?"

"चिखलीत चौसष्ट प्रोग्राम कोण चालवतंय?" सर म्हणाले.

*

कर्नलची स्वतःची काही पानं सगळ्या प्रोग्रामांना लागतात. त्यांच्यावर नंबर बघायचाच नाही, अशी एक खूण करता येते. सरांनी ते एका वाक्यात शिकवलं, "ज्याला नंबर नाही, ते सगळ्यांचं."

दुसऱ्या दिवशी सुनंदाच्या डब्यावर एक चिठ्ठी चिकटलेली दिसली. गजूचं अक्षर. 'या डब्याले नंबर नाही.'

सुनंदा चिखलीत आत्याकडे राहायची आणि पहाटे उठून स्वतः भाकरी थापायची. तिनं चिठ्ठी वाचली, डबा उघडला, अर्धी भाकरी आणि ठेचा गजूपुढे सरकवला. त्यानंतर तिचा डबा मोठा झाला. मी आणि सर रोज आपापलाच डबा खात होतो, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

*

नंबर संपायला आठवडाही लागला नाही. चौसष्ट प्रोग्राम एका वेळी नव्हतेच, पण दिवसभर एक सुरू होतो, एक संपतो, आणि प्रत्येक नवा आला की आम्ही पुढचा नंबर द्यायचो. संपले की गजूचा कोड परत एकपासून सुरुवात करायचा.

आणि एका सकाळी मेकॅनिकलचा एक विद्यार्थी हातात ग्रंथालयाची छापील नोटीस घेऊन आला. त्याच्या नावापुढे, मुदतीत परत न केलेलं पुस्तक म्हणून छापलं होतं: तूरडाळ, एक पोतं.

तो बिचारा रडवेला झाला होता. "सर, मी मेसमधी फक्त जेवतो. डाळ म्या नेली नाही."

मेसच्या प्रोग्रामला आधी जो नंबर होता, तोच फिरून ग्रंथालयाच्या प्रोग्रामला मिळाला होता. मेसच्या जुन्या नोंदी कप्प्यात तशाच. नंबर जुळला, आणि ग्रंथालय पुस्तकाचं नाव वाचायला गेलं ते थेट मेसच्या कोठीत.

आम्ही पोट धरून हसलो. सर हसले नाहीत. पुढच्या महिन्यात कॉलेजच्या परीक्षेचे निकाल याच मशीनवर लागायचे होते. प्राचार्य स्वतः खोलीत आले आणि उभ्यानंच म्हणाले, "वायाळ, डाळीचं ठीक आहे. एकाचे मार्क दुसऱ्याला गेले, तर पोरं जीव देतील. आठवडाभरात दुरुस्त होत नसेल, तर मशीन बंद करा."

*

त्या आठवड्यात सरांनी दाढी केली नाही. चूक कुठे असावी हे कळत होतं, पण पकडता येत नव्हती. नंबर संपून पुन्हा फिरेपर्यंत वाट बघायची, आणि मग दोन प्रोग्राम नेमके एकमेकांवर आपटायला हवेत. दुरुस्त केलं असं वाटायचं, पण खरंच झालं की नाही कोण सांगणार?

सुनंदा म्हणाली, "सर, चौसष्ट कायले पाह्यजे? चारच ठेवू. घरात माणसं जास्त अन् ताटं कमी झाली, की भांडण लवकर लागते."

चार नंबर ठेवले. दहा मिनिटांत ग्रंथालयात तूरडाळ, मेसमध्ये थर्मोडायनॅमिक्स! सर खुर्चीतून उठले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

मग दुरुस्ती नीट झाली. नंबर संपले की एकदा सगळा कप्पा पुसायचा आणि नवी पिढी सुरू करायची. पुसल्याशिवाय जुना नंबर कोणालाही द्यायचा नाही. जो प्रोग्राम मध्ये झोपलेला होता आणि मागच्या पिढीचा नंबर घेऊन उठला, त्याचा नंबर बाद. त्यानं आधी नवा घ्यायचा. हा भाग गजू आणि सुनंदानं एकाच टर्मिनलवर बसून लिहिला. वाद इतके घालायचे की जिनिंगमधली माणसं खिडकीतून डोकावायची.

निकाल वेळेवर लागला. मार्क चुकल्याची एकही तक्रार आली नाही. नापास झालेल्यांच्या आल्या, पण त्यांना मशीनचा इलाज नव्हता.

*

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती खोलीही नाही. तिथे आता ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. गजू अमेरिकेत असतो, एका मोठ्या कंपनीत, आणि अजून कर्नलच लिहितो. मागच्या हिवाळ्यात तो आला होता. मी त्याला दुकानासमोर नेलं. तो बराच वेळ बघत उभा राहिला. दुकानदाराला वाटलं गिऱ्हाईक आहे. "काय पाह्यजे साहेब?" त्यानं विचारलं. गजू म्हणाला, "काही नाही. पाहून राह्यलो."

परत येताना चहा घेतला. त्यानं सगळ्यांची चौकशी केली. माझ्या मुलांची, जानेफळच्या शेताची, त्या प्राचार्यांचीसुद्धा. कप खाली ठेवताना विचारलं, "अन् सुनंदा?"

मी म्हणालो, "वरवट बकालले. शाळेत गणित शिकवते. लग्न नाही केलं तिनं."

"हं," तो म्हणाला. मग म्हणाला, "चहात अद्रक चांगलं आहे."

*

पण माझ्या मनात राहिलेला किस्सा त्याआधीचा, गजूला अमेरिकेहून बोलावणं आलं त्या दिवसाचा आहे.

दुपारची वेळ. गजूनं आधी सरांना विचारलं, जाऊ का. सर म्हणाले, "विचारतोस काय? उद्याच नीघ." मला विचारलं. मी म्हणालो, "जाय बे, आमच्या नशिबी नाही, तू तरी जाय." मग तो सुनंदाच्या टेबलाजवळ जाऊन उभा राहिला. ती टाइप करत होती. वर बघितलं नाही.

"सुनंदा, जाऊ?"

"मले काऊन विचारतो?"

"तुले नाही विचारू, तं कोणाले विचारू?"

ती टाइप करत राहिली. बोटं भराभर चालत होती. गजू उभाच. सर उगाच फळा पुसायला लागले. मी कागद चाळत बसलो. खोलीत तेवढा एक आवाज, तिच्या की-बोर्डचा.

"जाय," ती म्हणाली. "इथं काय आहे?"

गजू दाराकडे वळला. मग चपला घालून बाहेर गेला. सुनंदा टाइप करतच होती.

मला उकडायला लागलं म्हणून मी वर बघितलं. पंखा थांबलेला होता. लाईट गेली होती, केव्हाची, गजू तिच्या टेबलाशी जायच्याही आधी. तिच्यासमोरचा टर्मिनलचा पडदा काळा होता.

सरांनीही ते बघितलं. त्यांनी मला हातानंच खूण केली आणि आम्ही दोघं चहाला बाहेर पडलो. मागे तिच्या की-बोर्डचा आवाज येत होता.