झोपेतलं ‘हो’

माझी भाची झोपेत ‘हो’ म्हणायची. आम्ही तिला ठकी म्हणतो. सरकारी रुग्णालयात शिकाऊ डॉक्टर म्हणून लागली, तेव्हापासून ती आमच्याकडेच राहते. ड्यूटीवर गेलेली पोर दुसऱ्या दिवशी दुपारी उगवायची आणि बूट न काढताच पलंगावर आडवी व्हायची.

“चहा ठेवू का गं?” मी विचारायचो.

“हो, ठेवा.”

कप पुढे केला की डोळे चोळत म्हणायची, “मामा, चहा कशाला केलात?”

एकदा तिच्या मामीने मजा केली. “ठके, समोरच्या टकल्याशी तुझं लग्न ठरवू?”

“हो, ठरवा.”

आम्ही पोट धरून हसलो. उठल्यावर तिला सांगितलं, तर तीही हसली.

तिच्या वॉर्डात एक शिंपी होते, पोटाचं ऑपरेशन झालेले. ठकीच्या कोटाचं लोंबणारं बटण त्यांनी खाटेवर बसल्या बसल्या लावून दिलं होतं. ती नाडी बघता बघता पेंगली की म्हणायचे, “पोरी, तू घे जरा झोपून. माझ्यावर मी लक्ष ठेवतो.”

एका दुपारी त्यांना फार दुखू लागलं. ठकीने स्वतः इंजेक्शन दिलं आणि ड्यूटीच्या खोलीत जाऊन टेबलावर डोकं टेकलं. सलग दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. तेवढ्यात सिस्टर बदलली. नव्या सिस्टरला आधीचं काही ठाऊक नव्हतं. शिंपी अजून कण्हत होते, म्हणून तिने फोन केला, “दुखण्याचं इंजेक्शन देऊ का?”

“हो, द्या.”

शिंप्यांचा श्वास मंदावत गेला. संध्याकाळी ते गेले. सिस्टरने सांगितलं, तरी ठकीला तो फोन आठवतसुद्धा नव्हता.

मोठ्या डॉक्टरांनी तिला बोलावून घेतलं. दोन रात्री झोप नव्हती, असं तिने सांगितलं. “आम्ही काय गाद्यागिरद्यांवर लोळून शिकलो?” म्हणाले. मग आवाज खाली आणून, “नातेवाइकांना एवढंच सांगायचं, प्रकृती एकाएकी ढासळली. जास्त बोललीस तर डॉक्टरकी विसर.”

रात्री जेवताना हे ऐकून मामी भडकली. “तेही असेच शिकले म्हणे! मग त्यांच्या हातून किती गेले, ते नाही सांगितलं?”

ठकी ताटावरून उठून गेली.

पुढचं माझ्या डोळ्यांदेखत झालं, पण ते मला नीट सांगता येईल की नाही, कोण जाणे. मी रुग्णालयात ठकीला डबा द्यायला गेलो होतो. शिंप्यांची बायको त्यांचा राहिलेला चष्मा न्यायला आली होती. तिने ठकीचा हात धरला.

“तुमचं फार कौतुक करायचे हो. एकच सांगा बाई, तेव्हा त्यांच्याजवळ कुणी जागं होतं ना?”

ठकीने माझ्याकडे पाहिलं. मी डब्याकडे बघत राहिलो.

“मी झोपले होते,” ती म्हणाली. “इंजेक्शन आधी दिलेलं होतं. झोपेतच मी पुन्हा द्या म्हटलं.”

बाईने हात सोडला. ओरडली नाही, की शिव्या दिल्या नाहीत. चष्मा मुठीत धरून बाकावर बसून राहिली.

ठकीची चौकशी चालू आहे. डॉक्टरकी राहील की जाईल, सांगता येत नाही. तोवर ड्यूटी मात्र आहे तशीच, कारण बदली माणूस नाही.

परवा दुपारी ती पलंगावर पडली होती. सवयीने माझ्या तोंडून गेलं, “चहा ठेवू का गं?”

ती उठली. भिंतीचा आधार घेऊन फरशीवर सरळ उभी राहिली. डोळे ताणून माझ्याकडे बघितलं.

“काय म्हणालात मामा? पुन्हा सांगा.”