मागची पंगत

वाशिंद-आसनगावच्या पट्ट्यात लग्न कुणाचंही असो, जेवण चंद्राबाईचं आहे म्हटलं की लोक आहेर विसरतील, पण जेवायला यायचं विसरणार नाहीत. बाईची साठी उलटली, नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली. तरी चुलवणापुढे उभी राहिली की कुणाची टाप नाही मधे बोलायची. आणि तिचा नियम सगळ्यांना ठाऊक: पंगत नीट बसल्याशिवाय टोपावरचं झाकण निघत नाही. मंत्री आला तरी नाही.

याच पट्ट्यात एक लहानसं चर्च आहे. कुठलं ते सांगत नाही, उगाच कुणाच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. झारखंडहून कारखान्यांत कामाला आलेली माणसं तिथे रविवारी प्रार्थनेला येतात. चंद्राबाई बौद्ध, तिचा त्या प्रार्थनेशी काही संबंध नाही. पण प्रार्थनेनंतर कामगारांना जेवण घालायचं ठरलं, तेव्हा बोलावणं तिलाच आलं आणि ती आनंदाने गेली. का जाणार नाही? गावात या माणसांना कुणी खोली देईना. "कुठली कोन मानसं, काय खातात, काय पितात!" म्हणत तोंडावर दारं लागायची. तेव्हा चर्चने आवारातल्या दोन खोल्या त्यांना उघडून दिल्या. एकाचा पाय मशीनमध्ये सापडला आणि ठेकेदाराने हात वर केले, तेव्हा चर्चचे कारभारी दानियल सर स्वतः दवाखान्यात बसून राहिले. चंद्राबाई घरोघर सांगत सुटली, "मानसं हायेत गो ती. नायतर आपला गाव!"

त्यातल्या एका खोलीत सुशांती राहायची, नवरा आणि लहानग्या पोरीसह. रविवारी ती चंद्राबाईच्या हाताखाली कांदे चिरायची, तिला माई म्हणायची.

मग आला चर्चचा कापणीचा सण. कल्याणहून पाहुणे येणार, मटणाचं जेवण होणार. सुशांती सकाळपासून राबली. जेवायची वेळ झाली तशी हातपाय धुऊन, पोरीचे केस विंचरून ती मांडवातल्या पंगतीत जागा दिसली तिथे बसली. दानियल सर आले. ओरडले नाहीत, ते ओरडणारे नव्हेतच. पोरीच्या डोक्यावर हात ठेवून गोड आवाजात म्हणाले, "बेटा, तुम लोगों का पीछे रखा है. अपने लोगों में आराम से बैठो."

मागे म्हणजे पाण्याच्या टाकीपाशी. बाकीचे कामगार तिथे पाहुण्यांचं उरकायची वाट बघत बसले होते.

सुशांती उठली. उठताना हसली. ते हसू बघून चंद्राबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिची स्वतःची आई सकुबाई गावजेवणाला घरची ताटली घेऊन जायची, कुंपणापलीकडे बसायची, आणि वरून भात टाकला की अगदी असंच हसायची. जणू चूक तिचीच होती!

वाढपी पातेली घेऊन आले. चंद्राबाईने झाकणावर हात ठेवला. "नाय काढायचं."

दानियल सर धावत आले. "चंद्राबाई, पाहुणे बसलेत."

"बसू द्या. ती पोरगी व्हती तिथं परत बसंल, मंग निघंल झाकन."

"अहो, जेवण तेच आहे! मटण त्यांनाही मिळणार. फक्त बसायचं वेगळं. भाषा वेगळी, त्यांनाच अवघडल्यासारखं होतं."

"त्यांना का तुमाला?"

सरांचा आवाज चढला. "आम्ही काय केलं नाही त्यांच्यासाठी? खोल्या दिल्या, दवाखाना केला..."

"आमाला पन गावानं पान्याला हीर दिली व्हती, सर. येगळी."

सुशांतीच पळत आली, घाबरलेली. "माई, जाने दो ना. सर नाराज होंगे तो हम कहाँ जाएँगे?"

याला म्हणे आसरा! छप्पर द्यायचं आणि त्याच छपराखाली मान खाली घालून जगायला शिकवायचं. गावाने निदान तोंडावर दार लावलं होतं. इथे दार उघडून उंबऱ्याशीच बसवलं.

चंद्राबाईने आवाज खाली आणला. "सर, तुमचा आजा नगराकडं खिस्ती का झाला? चुलीशी बसून तुमीच सांगितलंत मला. पाद्रीसायबानं शेजारी बसवून जेवाया घातला, म्हनून ना?"

दानियल सरांचा चेहरा उतरला. पाहुण्यांकडे वळून ते म्हणाले, "थोडं सरकून घ्या. आपली माणसं यायचीत."

टाकीपाशी बसलेले लोक बिचकत आत आले, सुशांतीही पोरीला घेऊन होती तिथे परत बसली. कल्याणच्या दोघी बायकांनी पदर आवरून घेतला, तेही चंद्राबाईने बघून ठेवलं. झाकण निघालं. वाढायला ती स्वतः उतरली.

सुशांतीच्या पानात भात पडला, वर रस्सा पडला. पोर भुकेली, तिने लगेच हात घातला. सुशांतीने तो इवलासा हात मनगटाशी धरून थांबवला आणि दानियल सरांकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, तेव्हा कुठे तिने पोरीचा हात सोडला.