चोवीस गोल आणि आमचे मामा

"तोंड कडू झालं माय," असं म्हणून मामा मान वळवायचे आणि पडलेल्या दोन दातांच्या फटीतून लांब थुंकायचे. मग एखादा पदार्थ चाखून नकोसा वाटावा तसं तोंड करून बराच वेळ बसायचे.

वाशीमच्या बाजारात माझी कोथिंबीर-मेथीची टोपली आणि त्यांची वांग्या-भेंड्यांची पाटी शेजारी शेजारी. गावाबाहेर आमचे मळेही बांधाला बांध लागून. ते मूळचे माझ्या माहेरचे, केनवडचे. म्हणून मी त्यांना मामा म्हणे.

तोंड कडू व्हायला त्यांना फारसं काही लागत नसे. कोवळी आहे का पाहायला कुणी भेंडीचं टोक मोडलं, की ती मोडकी भेंडी त्याच्या हातावर ठेवायचे. "घे. आता जोडून दे, नाईतर घरी ने." एकदा एक गुरुजी अळी निघालेलं वांगं परत घेऊन आले. मामांनी आधी अळीकडे पाहिलं, मग गुरुजींकडे. "तिनं अर्धं खाल्लं," ते म्हणाले, "पन कुरकुर नाई केली." अशी जिभेनं काटेरी आणि आतून मऊ माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण मामांचा मऊपणा कुठे असतो, ते मला बरेच दिवस कळलं नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकलेली. मेथीच्या जुड्या गुंडाळायला रद्दीतली वर्तमानपत्रं आणत असे आणि गिऱ्हाईक नसलं की त्यातलं काहीबाही मामांना वाचून दाखवत असे. बत्तीस साली अशाच एका शिळ्या कागदात बातमी सापडली. अमेरिकेत जगभरच्या देशांचे ऑलिंपिक सामने भरले होते, आणि हॉकीत हिंदुस्थानानं अमेरिकेवर चोवीस गोल केले होते. अमेरिकेचा एक. मी ठसक्यात वाचलं. मामा तरुणपणी कामठीच्या छावणीत नोकरीला होते, हॉकी त्यांना ठाऊक होती. वाटलं, खूश होतील.

"किती म्हनलं?"

"चोवीस."

"नीट पाय. दोन-चार असन."

"चोवीसच आहे, मामा."

त्यांनी पाटीतली वांगी सारखी केली. मग म्हणाले, "त्याईच्या गोलात कोन उभा होता? नाव देल्लं हाये का?"

नव्हतं. गोल करणाऱ्यांचं कौतुक होतं, त्याचं नाव नव्हतं. मामांनी मान वळवली आणि थुंकले.

मला राग आला. "मामा, आपली माणसं जिंकली ना! गोऱ्यांना हरवलं!"

"जिंकले तं बरंच झालं. पन दहा झाले तवाच जिंकले होते ना? वरचे कायले?"

मग त्यांनी कामठीची गोष्ट सांगितली. ते छावणीत शिपाई नव्हते, साहेबांच्या बागेत माळी होते. संध्याकाळी साहेब लोकांना चेंडू मारण्याचा सराव करायचा असला की हाक यायची, "माली, इधर आव." दोन कुंड्यांच्या मध्ये त्यांना अनवाणी उभं करायचे आणि मारत सुटायचे. लागलं की हसायचे, गोल झाला की मोजायचे. "वन, टू, थ्री... वीसवरी पाठ हाये मले. इंग्रजी मी तिथंच शिकलो." दातही तिथेच गेले. "त्याच बागेत पडले. काही उगवलं का नाई, कोन जाने."

"मग पुढे?"

"पुढं काय? मले अडवता येऊ लागलं. मंग त्याईनं दुसऱ्या गड्याले बलावलं."

हे सगळं त्यांनी भेंडीवर पाणी शिंपडत सांगितलं.

दसऱ्यानंतर गावातल्या वकीलसाहेबांच्या डोक्यात आलं की या विजयाचा उत्सव करायचा. त्यांचा एक हॉकी क्लब होता. त्यात वकील-डॉक्टरांची मुलं आणि कचेरीतले कारकून. सामना ठरला बाजाराला लागून असलेल्या मैदानात, बाजाराच्याच दिवशी. क्लब झाला हिंदुस्थान. आणि अमेरिका? कापूस वेचायला रानातल्या वस्त्यांवरून माणसं आली होती. त्यांना गूळ-फुटाण्याच्या लालचीनं उभं केलं होतं. हातात बाभळीच्या वाकड्या काठ्या दिल्या. आणि अमेरिकन दिसावेत म्हणून त्यांच्या तोंडांना चुना फासला.

हो, चुना. भिंतीला लावतात तो. लोक हसून हसून वाकत होते. शिकलेले लोक, पोरांना खांद्यावर घेतलेले बाप, सगळे.

खेळ सुरू झाला. त्या बिचाऱ्यांना चेंडूला काठी कशी लावायची तेही कुणी सांगितलं नव्हतं. गोलात उभा केलेला गडी चेंडू आला की दोन्ही हातांनी डोकं झाकायचा. घामानं चुना डोळ्यांत उतरला, तसा तो डोळे चोळू लागला. चोळले तसे आणखी जळू लागले. चेंडू नडगीवर बसला की तो बसकण मारायचा आणि मैदानातून आरोळी उठायची, "पंधरा! सोळा!" गडी हात जोडून म्हणाला, "मले काही दिसून नाई राह्यलं जी." त्यावर सगळ्यात मोठा हशा झाला.

"सतरा!"

मामा उठले. तराजू माझ्यापुढे ठेवला, भाजीवर शिंपडायची घागर उचलली आणि सरळ मैदानात गेले. त्या गड्याला खाली बसवून त्याचे डोळे धुतले, घागर रिकामी होईपर्यंत. त्याचं तोंड आपल्या धोतराच्या सोग्यानं पुसलं. मग त्याच्या हातातली काठी घेतली आणि गोलात उभे राहिले. पन्नाशी उलटलेला माणूस.

वकीलसाहेब ओरडले, "अहो, हे काय? तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"ज्याच्यावर मारून राह्यले त्याच्या," मामा म्हणाले. "मारा."

त्यांनी मारले. मामा कधी काठीनं अडवत, कधी पायानं, कधी सगळं अंग आडवं घालून. आकडा सतरावरच राहिला. लोक आधी हसले, मग हसू विरलं. वस्तीवरची ती माणसं चुनाभरल्या तोंडांनी मामांच्या आजूबाजूला येऊन उभी राहिली. वकीलसाहेबांचा पुतण्या चिडला होता. अगदी जवळून त्यानं जो फटका मारला तो गोलावर नव्हताच. चेंडू मामांच्या खांद्याच्या हाडावर बसला. तो आवाज मी माझ्या टोपलीपाशी ऐकला. मामा गुडघ्यावर आले. मग उठले, आणि काठी दुसऱ्या हातात धरली.

वकीलसाहेबांनी खेळ थांबवला. म्हणाले, अंधार पडला. ऊन अजून कडुलिंबाच्या शेंड्यावर होतं. मग त्यांनी भाषण केलं, आणि चोवीस गोल झाले असे समजण्यास हरकत नाही, असं जाहीर केलं. टाळ्या पडल्या. पेढे वाटले. माझ्या हातावरही एक ठेवला. मी तो चाटूनही पाहिला नाही, तिथेच धुळीत टाकला.

पुढच्या बाजारापासून मामांच्या पाटीशी कुणी थांबेना. "देशाचा विजय याला बघवला नाही," हे वाक्य आमच्यासमोर, त्यांना ऐकू जाईल असं, माणसं बोलत. तीच माणसं कचेरीत साहेब आला की पागोटं सावरत उभी राहायची. मी मामांची वांगी माझ्या टोपलीत ओतून घेतली.

"माह्यं नाव नको सांगू," ते म्हणाले. "वांग्याईचा काही दोष नाई."

खांद्याचं हाड वाकडंच जुळलं. मोट ओढणाऱ्या बैलांना हाकायलाही हात उचलेना. तो डोळे धुतलेला गडी कापसाच्या दिवसांत दोन हंगाम त्यांच्या मळ्यात येऊन पाणी धरून गेला. पण वर्षभर कोण येणार? शेवटी मामा किन्हीराजाला लेकीकडे राहायला गेले.

मी एकदा भेटायला गेले. अंगणात बसले होते, हात पोटाशी धरून. मी म्हटलं, "मामा, तुमच्या जिवाला फुकटचा त्रास झाला."

"दुखते, माय. थंडीत लय दुखते." मग हळूच हसले. त्यांना असं हसताना मी आधी पाहिलं नव्हतं. "पन त्या दिवशी मले बरं वाटलं. कामठीत मले उभं करत जाय. इथं मी माह्या मनानं उभा राह्यलो."

त्याच हिवाळ्यात ते गेले. निरोप आला तेव्हा तिसरा दिवसही उलटून गेला होता.

बाजारात त्यांच्या जागेवर शेलूबाजारचा एक कांदेवाला बसू लागला. ठेंगणा, गोड बोलणारा, कुणाला दुखवत नसे. मामा उंच होते, ते बसले की त्यांची सावली माझ्या टोपलीवर पडायची. इतक्या वर्षांत माझ्या ते ध्यानातही आलं नव्हतं. आता दुपार व्हायच्या आत माझी कोथिंबीर मान टाकायला लागली.