मिल स्ट्रीटवर गोल्फ कार्ट

व्हर्लिन होकला एका जागी बसवणं आजवर कुणालाच जमलं नव्हतं. आईला जमलं नाही, शाळेतल्या बाईंना जमलं नाही, नवऱ्याला तर नाहीच नाही. ड्यूईने लग्नाचं विचारलं तेसुद्धा तिच्या मागे मागे चालत, ती दोरीवरचे कपडे काढत असताना. "एक मिनिट थांबशील का?" असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली, "बोल की, कान रिकामेच आहेत."

अशा बाईला काम मिळालं ते शाळेच्या बसचं. नदीकाठच्या टॅनर्स लँडिंग गावातल्या निम्म्या लोकांना तिने लहानपणी शाळेत पोचवलं होतं. डोक्यावरच्या मोठ्या आरशात तिला मागच्या बाकापर्यंतचं सगळं दिसायचं आणि मान न वळवता ती नाव घेऊन दम द्यायची. बस सोडल्यावरही तिची स्वतःची गाडी कधी अंगणात थंड झाली नाही. कुणाला दवाखान्यात ने, कुणाला चर्चच्या जेवणाला ने, काहीच नसलं तर धरणापर्यंत जाऊन परत ये.

मग एका वसंतात सकाळी, अंडी फेटता फेटता तिला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सुधारले. जीभ तर आठवड्याभरात नर्सला कामं सांगायला लागली. पण दोन्ही डोळ्यांचं डावीकडचं दिसणं गेलं ते गेलंच. ताटातला डावीकडचा बटाटा तसाच राहायचा. ड्यूई काही न बोलता ताट फिरवून ठेवायचा आणि ती म्हणायची, "अरे, हा कुठून आला?" डॉक्टरांनी तिला गाडी चालवायला बंदी केली आणि लायसन्स गेलं.

त्यानंतर ड्यूईचा कंपवात बळावला. तो दोनदा पडला. तिच्याच्याने त्याला उचलवेना, तेव्हा मिल स्ट्रीटच्या पार दुसऱ्या टोकाला असलेल्या केअर होममध्ये त्याची खोली झाली. घर ते केअर होम सरळ एकच रस्ता, पण तिच्या गुडघ्यांना तो झेपण्यातला नव्हता. शेजारची इमोजीन मंगळवारी आणि शुक्रवारी तिला आपल्या मोटारीतून न्यायची. इमोजीन भली बाई, पण अर्ध्या तासात किल्ल्या वाजवायला लागायची. बाकीचे दिवस व्हर्लिन कोट घालून, पर्स काखेत मारून खिडकीशी उभी. कुणी येणार नाहीये हे ठाऊक असूनही उभी.

गावाबाहेरचं गोल्फचं मैदान बंद पडलं तेव्हा तिथल्या बॅटरीवरच्या कार्ट ज्याने मागितल्या त्याला मिळाल्या. एक ड्यूईच्या चुलतभावाच्या कोठारात येऊन पडली होती. व्हर्लिनने ती आणवली. पहिल्या दिवशी ती अंगणात गोल गोल फिरली. दुसऱ्या दिवशी मागच्या गल्लीत गेली. आणि नंतरच्या सोमवारी, केळ्याच्या पुडिंगचा डबा शेजारच्या सीटवर ठेवून, तिने मिल स्ट्रीट धरला.

गावचा पोलीस कर्टिस तिच्या मागून हळूहळू आला आणि त्याने एकदाच भोंगा वाजवला.

"व्हर्लिनबाई, ही गाडी रस्त्यावर आणता येत नाही."

"रस्ता कुणाचा आहे, कर्टिस?"

"गावाचा."

"आणि मी कुठली?"

कर्टिसने टोपी काढून डोकं खाजवलं. "तसं नाही हो. कौन्सिलने ठराव केला तर कार्ट चालवता येतील. इतर गावांनी केलेत. आपल्याकडे अजून नाही."

"मग करून घेते."

"तोवर घरी ठेवा. मी तुम्हाला पाहिलंच नाही असं रोज रोज म्हणता येणार नाही मला."

"बसच्या मागच्या बाकावर तू काय काय करायचास, ते मी कितीदा पाहिलं नाही म्हणाले?"

कर्टिस गाडीत जाऊन बसला. त्या दिवशी त्याने तिला पाहिलं नाही. नंतरही बऱ्याचदा नाही.

सगळा उन्हाळा व्हर्लिन ठरावाच्या मागे लागली. फोन कानाला लावून ती स्वयंपाकघरात येरझारा घालायची, तारेचा फोन असता तर घराला वेढे पडले असते. दारोदार गेली. गावात तिच्यासारखे बरेच होते, मोटार परवडते पण झेपत नाही असे, हात थरथरणारे, हायवेला घाबरणारे. ठरावाचा मसुदा तयार झाला. कार्टला आरसा हवा, मागे हळू गाडीची खूण म्हणून नारिंगी त्रिकोण हवा, फक्त दिवसाउजेडी चालवायची, हायवेवर जायचं नाही. आणि शेवटी, लायसन्स नसलं तरी कुणाही सज्ञान माणसाला चालवता येईल. हे शेवटचं कलम तिनेच भांडून घालून घेतलं होतं.

विरोधात बोलणारा एकच माणूस, हॉलिस रॅटलिफ. त्याचं गॅरेज मिल स्ट्रीटवरच होतं. एकदा गावच्या खाणावळीत तळलेल्या माशाचं सँडविच खाता खाता तो तिला म्हणाला, "माझा भाऊ ट्रॅक्टरवरून घरी येत होता, व्हर्लिन. मागच्या गाडीला तो दिसला नाही असं नाही. दिसला, पण तो इतका हळू असेल असं वाटलं नाही. मिल स्ट्रीटवरून धावणाऱ्या धान्याच्या ट्रकांपुढे तुमची ही खेळणी सोडायची?"

"म्हणून काय सगळ्यांनी घरात बसून मरायचं?"

"मी तसं म्हटलं नाही."

"मग कसं म्हटलंस?" असं म्हणून ती उठून गेली. तिचं अर्धं सँडविच ताटात डावीकडे तसंच राहिलं होतं. हॉलिसने त्याच्याकडे बघितलं, पण तिला हाक मारली नाही.

कौन्सिलची बैठक जवळ आली त्या आठवड्यात ती केअर होमकडे निघाली होती. ऊन छान होतं. चर्चच्या कोपऱ्यावर तिने उजवीकडे पाहिलं, समोर पाहिलं, आणि पाय दाबला. तेवढ्यात कार्टच्या छपरावर धाडकन हात आपटला. तिने ब्रेक मारला. मान पूर्ण डावीकडे वळवली तेव्हा कुठे तिला हॉलिस दिसला. एका हाताने त्याने म्हाताऱ्या कुत्र्याचा गळपट्टा धरून त्याला मागे ओढलं होतं, आणि साखळीचं टोक तिच्या चाकाखाली होतं.

कुत्रं तिच्याकडे बघून शेपूट हलवत होतं.

"थोडी मागे घे," हॉलिस म्हणाला. तिने घेतली. त्याने साखळी उचलून झटकली. "जा आता. ड्यूई वाट बघत असेल."

ड्यूईच्या खोलीत ती खिडकीपाशी गेली, कपाटापाशी गेली, पडदा सारखा केला, पुन्हा वाकडा केला.

"बस की जरा," ड्यूई म्हणाला.

"बसलेय."

"तू उभी आहेस, व्हर्ल." त्याचा आवाज हल्ली कागदासारखा झाला होता, पण मिस्किलपणा शाबूत होता. "खरं सांग, तू मला भेटायला येतेस की गाडी फिरवायला?"

ती थांबली. "दोन्हीला," ती म्हणाली.

"काही झालंय का?"

"काही नाही. पुडिंग खा."

परतताना ती प्रत्येक कोपऱ्यावर इतकी थांबली की मागच्या मोटारी वळसा घालून गेल्या. त्या रात्री आणि नंतरच्याही रात्री तिचा डोळा लागला नाही. ते कुत्रं होतं. कुत्र्याच्या जागी दुसरं कोण कोण असू शकलं असतं, त्यांचे चेहरे तिला एकामागून एक दिसत राहिले. बसच्या आरशात दिसायचे तसे.

बैठक अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये होती. खुर्च्या पुरल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी हॉलिसला बोलायला बोलावलं तेव्हा व्हर्लिन खुर्चीच्या टोकावर सरकली. आता हा माणूस चर्चच्या कोपऱ्याची गोष्ट सांगणार आणि उन्हाळाभराची मेहनत पाण्यात जाणार. त्याने टोपी हातात घेऊन भावाबद्दल सांगितलं, ट्रकांबद्दल सांगितलं, आणि तो खाली बसला. कोपऱ्याचं नाव नाही. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

व्हर्लिनला खुर्चीवर बसवेना. तिची पाळी यायच्या आतच ती उभी राहिली.

"शेवटचं कलम काढून टाका," ती म्हणाली. "लायसन्स असेल त्यानेच चालवावी."

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "पण व्हर्लिन, तुमच्याकडे तर..."

"माझ्याकडे काय नाही ते मला ठाऊक आहे. बाकी ठराव चांगला आहे. तो करा."

ठराव झाला. टाळ्या वाजल्या तेव्हा ती बाहेर ट्रक धुवायच्या फरशीवर फेऱ्या मारत होती. हॉलिस तिच्याजवळ आला.

"तुला बोलायची गरज नव्हती. मी कुणाला सांगणार नव्हतो."

"तेच तर झालं ना," ती म्हणाली. "तू सांगितलं असतंस तर मी भांडले असते."

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. ज्या गावाला तिने कार्ट मिळवून दिल्या ते गाव आता तिच्या खिडकीखालून कार्टमधून जात होतं आणि वर बघून हात हलवत होतं. ती पडदा ओढून घ्यायची. तिची कार्ट अंगणात पाचोळ्याखाली उभी. फोन आला तर उचलायची नाही. एकदा तर रागाने चालतच निघाली आणि बँकेच्या पायरीवर गुडघे धरून बसली. कर्टिसने तिला गाडीत घालून घरी सोडलं.

शेवटी इमोजीन न विचारता कुंपण ओलांडून आली आणि कार्टवरचा पाचोळा झाडायला लागली.

"काय चाललंय?" व्हर्लिनने दारातूनच विचारलं.

"माझ्याकडे लायसन्स आहे. मोटार मागे घेताना माझा जीव जातो, ही बरी दिसतेय. चल."

"आज मंगळवार नाही."

"मला वार कळतात, व्हर्लिन. चल बस."

इमोजीन अशी चालवायची की फुटपाथवरचे लोक पुढे जायचे. व्हर्लिन तिच्या उजवीकडे बसून रिकाम्या तळावर पाय दाबत राहायची. "अगं, दाब ना थोडं." "दाबलंय." "हे दाबलंय? मुंगी चिरडणार नाही याने." पण जाणं रोजचं झालं. ड्यूईने इमोजीनला पत्त्यांत अडकवलं, त्यामुळे किल्ल्या वाजायच्या थांबल्या.

पुनर्वसन केंद्रातल्या मुलीने झटक्यानंतर व्हर्लिनला मान वळवून डावीकडे शोधायचा व्यायाम दिला होता. तेव्हा तिने तो पोरखेळ म्हणून सोडून दिला होता. आता ती प्रत्येक कोपऱ्यावर मान पार खांद्यापर्यंत वळवते.

"डावीकडे लाल ट्रक. थांब."

"मला दिसतोय तो," इमोजीन वैतागून म्हणते.

"मलाही दिसला. म्हणून सांगतेय."

मार्चमध्ये लायसन्ससाठी डोळ्यांची तपासणी पुन्हा आहे. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवलेली नाही, आणि तिनेही कुणाला काही सांगितलेलं नाही. ट्रक गेला की ती म्हणते, "मोकळं आहे, चल आता," आणि तिचा पाय आपोआप खाली दाबला जातो.